एकट्या माणसाने रोज बाहेर जेवायचं तर कोणतं शहर परवडतं? इंदूर, पुणे, मुंबई, बडोदा, ग्वाल्हेर, बंगळूर

माळव्यातली_मावशी (इंदूर)

बहिणीचा मुलगा पुण्याहून नोकरीसाठी इंदुरात येतोय. विजय नगरला खोली घेतली आहे, पगार सुरुवातीचा, स्वयंपाकाची सवय नाही. आम्ही राहतो सुदामा नगरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे रोज आमच्याकडे ये म्हणणं व्यवहाराचं नाही. त्याने विचारलं, "मावशी, जेवायचं कुठे?" आणि घरातल्या प्रत्येकाने एकच उत्तर दिलं: सराफा आणि छप्पन, म्हणजे सराफ बाजारातली रात्रीची खाऊगल्ली आणि छप्पन दुकानांची खाऊगल्ली.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. इंदूरचा नाश्ता देशात कुठेही मान वर करून सांगावा असा आहे, यात शंका नाही. सकाळी साडेसहाला आमच्या कोपऱ्यावर पोहेवाला उभा असतो. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांचं भगोनं. पोहे वाफेवरच राहतात, म्हणून तेल बेताचं आणि दहा वाजेपर्यंत मऊ. त्यात बडीशेप, किंचित साखर. हातात देताना वरून बारीक शेव, कांदा, जीरावन मसाला, लिंबू, आणि हंगाम असेल तर डाळिंबाचे दाणे. शेजारी जलेबी. चहा धरूनही पन्नासाच्या आत माणूस तृप्त होतो.

पण दुपारी एक वाजता काय? रात्री साडेआठला, कामावरून थकून आल्यावर काय? पोळी, एक ताजी भाजी, वरण-भात, बसायला जागा, एकट्याला परवडेल अशा दरात, आठवड्याचे सगळे दिवस. हे कोणत्या शहरात सहज मिळतं? स्वस्त शहर कोणतं, याची चर्चा नेहमी वडापाव, पोहे, कचोरी यांच्या दरांवर होते. माझ्या मते खरी तुलना रोजच्या जेवणाची करायला हवी. आपापल्या शहराचं नीट सांगा.

पेठेतला_पाहुणा (पुणे)

मावशी, मुद्दा अगदी पटला. मी मूळचा देवासचा, बरीच वर्षं पुण्यात आहे.

पुण्यात याचं उत्तर म्हणजे मेस. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथे स्पर्धा परीक्षेची मुलं एवढी आहेत की गल्लीगल्लीत मेस चालते. महिन्याचे पैसे आगाऊ भरा, कार्ड घ्या, दोन्ही वेळ जेवा. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, आमटी, भात. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोड काहीतरी किंवा मसालेभात-पनीर, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. पुण्यातल्या हॉस्टेलवाल्यांचं सगळं वेळापत्रक त्या रविवार संध्याकाळभोवती फिरतं.

महिन्याचं बांधून घ्यायचं नसेल त्यांना टिळक रस्त्यावरची बादशाही बोर्डिंग आहे, जिथे अजूनही घरच्या वळणाचं ताट मिळतं. दुर्वांकुर, श्रेयस हे पाहुणे आले की. तिथलं ताट अमर्याद आणि उत्तम, पण रोज खायच्या दराचं नाही. मिसळीला बेडेकर, काटाकिर्र, आणि हिरवट रश्श्याची हवी तर १९१२ सालचं वैद्य उपाहारगृह. चहाला कोपऱ्यावरचं अमृततुल्य.

इंदुरात आलो की मला एक फरक ठळक जाणवतो. भोजनालयात बसलो की भाजी प्लेटवर आणि रोटी नगावर. शेव-टमाटरची एक प्लेट दोघांना पुरते. एकटा माणूस ती अर्धी टाकतो, पण पैसे पूर्ण देतो. पुण्यातली मेस एका माणसाचं पोट धरून हिशेब करते, तर उत्तरेकडच्या भोजनालयाचा हिशेब टेबलावर बसलेल्या घरावर चालतो. स्वस्त-महागाचा निम्मा फरक मला इथेच दिसतो.

राजवाडा_चौक (इंदूर)

सराफ्यात जेवण होत नाही असं कोण म्हणतं भिया!

संध्याकाळी सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, रात्री दीड-दोनपर्यंत. जुने लोक सांगतात की रात्री रस्ता जागा राहिला तर दागिन्यांच्या दुकानांनाही राखण होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं.

माझा क्रम ऐका. आधी भुट्ट्याचा कीस. मक्याची कोवळी कणसं किसून तुपात परततात, मोहरी-हिंग-हिरवी मिरची, मग दूध घालून ते आटेपर्यंत ढवळत राहतात. वरून खोबरं-कोथिंबीर-लिंबू. एक द्रोण हा. मग जोशींचा दहीवडा. द्रोण हवेत उडवून झेलतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्यांचा मसाला घालण्याचा हात जास्त आवडतो: वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घेऊन एकेक करून सोडतात, एकात दुसरा मिसळत नाही. थंडीत गराडू हा कंद, दोनदा तळलेला, वर मसाला आणि लिंबू. साबुदाण्याची खिचडी, तीही वाफेवरची, वर शेव आणि फरियाली मिक्श्चर. शेवटी मूग हलवा किंवा मावाबाटी, आणि आमची शिकंजी, जी आटवलेल्या दुधाची आणि सुक्यामेव्याची असते, लिंबाची नाही.

यात धान्य आहे, दूध आहे, कंद आहे. याला जेवण नाही म्हणायचं?

माळव्यातली_मावशी (इंदूर)

राजवाडा चौक, तुमचा क्रम वाचून आजच जावंसं वाटलं. पण हेच सगळं सलग आठ दिवस खा आणि मग सांगा. तळण, साखर, मैदा, आणि हिरवी भाजी कुठेही नाही. शिवाय हिशेबही मांडा: पाच-सहा द्रोण घेतले की पुण्याच्या एका वेळच्या ताटापेक्षा जास्त पैसे जातात. एकेक वस्तू स्वस्त आहे म्हणून पूर्ण पोट भरणं स्वस्त आहे असं होत नाही.

दादर_पूर्व (मुंबई)

मुंबईचं थोडं सविस्तर लिहिते, कारण एकट्या माणसाला जेवू घालण्यात या शहराइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नसेल.

गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष दहा-दहा जण एका खोलीत राहायचे. बायका-मुलं गावी. त्यांच्या जेवणासाठी खानावळी उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक घरातल्या बायका चालवत: आपल्याच चुलीवर पंधरा-वीस जणांचं रांधायचं आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे. किराणा उधार, व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खानावळी उरल्या त्या थोड्या.

दुसरी परंपरा उडप्यांची. माटुंगा स्टेशनाबाहेरची रामा नायक यांची उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ ची. केळीचं पान, रस्सम, सांबार, दोन भाज्या, पोळी किंवा पुरी, ताक, भात हवा तेवढा. आधी कुपन घ्यायचं आणि बसायचं. शेजारी कुलाब्याचा वकील बसेल किंवा कुरिअरवाला पोरगा, वाढप सारखंच. शहरभरच्या उडप्यांनी त्याचंच छोटं रूप केलं, ते राइस प्लेट. दुपारी बारा ते तीन कोणत्याही उपनगरात स्टेशनजवळ जा, राइस प्लेट मिळणारच. दोन चपात्या, दोन भाज्या, डाळ, भात, पापड, लोणचं, दही. हा शब्द उच्चारला की वेटर पुढचा प्रश्न विचारत नाही.

दादरला आस्वाद, प्रकाश, मामा काणे, तांबे आरोग्य भुवन ही आमची मराठी पदार्थांची ठिकाणं. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियुष. पण ही नाश्त्याचीच, रोजच्या दोन जेवणांची नाहीत. इंदूरला जे दुखणं आहे ते या बाबतीत दादरलाही आहे. मराठी हॉटेल म्हटलं की लोक मिसळ आणि वडा मागतात. पोळी-भाजी खायला माणूस उडप्याकडे जातो.

आणि मावशी, मुंबईत खोलीचं भाडं एवढं आहे की जेवण स्वस्त असण्यावरच साधा माणूस टिकून आहे.

दांडियाबाजार (बडोदा)

बडोद्याकडून हजेरी.

आमची ओळख सेव-उसळ. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर लाल तरी, हिरवी पात, जाडी शेव, सोबत पाव. कीर्तिस्तंभाजवळच्या महाकालीला सकाळपासून गर्दी असते आणि तरी, कांदा पुन्हा मागितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. एका प्लेटमध्ये दुपार निघते. उसळीत कडधान्य आहे, त्यामुळे मावशींची 'तळण-मैदा' ही तक्रार इथे निम्मीच लागू पडते.

बाकी जगदीशचा लीलो चिवडा आणि भाकरवडी, दुलीरामचे पेढे, रविवारी सकाळी फाफडा-जलेबी. दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊस आहे, तिथे आमच्या आजोबांच्या पिढीपासून मराठी मंडळी बसतात. संध्याकाळी पावभाजीच्या आणि आम्लेटच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या. लारी इथे गरिबांचीच असते असं नाही, गाडीतून उतरून लोक लारीवर उभे राहतात.

गुजराती थाळी मात्र सणासुदीची झाली आहे. फरसाण, दोन मिष्टान्नं, कढी, चार भाज्या आणि अखंड आग्रह. दर वाढत गेले आणि आता आम्हीही ती वाढदिवसालाच खातो. विद्यापीठाच्या मुलांना विचाराल तर तीही डबाच लावतात.

एक गोष्ट सराफ्यावरून आठवली. अहमदाबादचं माणेक चौकही दिवसा सराफ बाजार आणि रात्री खाऊगल्ली आहे. तिथे तर सकाळी गुरांचा चारा विकला जातो. फरक असा की माणेक चौकात खुर्च्या-टेबलं मांडतात, पथारी पसरून घरचं सगळं माणूस बसतं. इंदूरचा सराफा चालता-फिरता खायचा.

लष्कर (ग्वाल्हेर)

आमच्याकडे सकाळ बेडईने होते. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी, सोबत बटाट्याची झणझणीत पातळ भाजी, जी आग्र्याच्या अंगाने जाते. नया बाजारात बहादुराचे लाडू आणि गरम रसगुल्ले, अटलजींना आवडायचे म्हणून सगळीकडे नाव झालेले. दुकान साधं, फळ्यांचं. थंडीत गजक, शेजारच्या मुरैन्याचं. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला फार आनंद झाला.

पण खरं सांगायचं तर रोजच्या जेवणाच्या बाबतीत ग्वाल्हेर इंदूरच्याही मागे आहे. महाराज बाडा या मुख्य चौकाच्या आसपास भोजनालयं आहेत, पण रात्री नऊनंतर एकट्या बाईने निर्धास्त बसून जेवावं अशी जागा कमी. माझ्या बहिणीची बदली इथे झाली तेव्हा ती इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा खाऊन दिवस काढायची. स्वस्त, स्वच्छ, टोप्या घातलेले वेटर, कितीही वेळ बसा. कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्था ही कॉफी हाऊस चालवतात. मध्य प्रदेशात नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायकांना त्यांनी आधार दिला आहे. तुलना करताना हेही धरा: बाई एकटी असेल तर तिच्यासाठी शहर वेगळंच असतं.

माळव्यातली_मावशी (इंदूर)

लष्कर, हे तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या मनात भाचा होता म्हणून हे सुचलंच नव्हतं. इंदूरला या बाबतीत मी चांगले गुण देईन. छप्पनला रात्री दहा-अकराला मुली एकट्या, दोघी-दोघी निवांत खाताना दिसतात, आणि सराफ्यात तर मध्यरात्री आज्या-नाती असतात. स्वच्छतेचाही यात वाटा आहे. २०१७ पासून शहर देशात पहिलं येतंय, प्रत्येक ठेल्याशेजारी कचऱ्याचा डबा असतो, द्रोण रस्त्यावर पडलेला दिसत नाही. छप्पनला २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्य केंद्राचा दर्जा दिला. त्याच्या आदल्या वर्षी अहमदाबादच्या कांकरियाला मिळाला होता. रस्त्यावर खाणं म्हणजे पोट बिघडणं, ही भीती इथे खूपच कमी झाली आहे.

जयनगर_चौथा_ब्लॉक (बंगळूर)

मी इंदूरच्या रामबागेतला, कामानिमित्त बंगळुरात. इथली दर्शिनी बघाल तर मावशींच्या प्रश्नाचं एक तिसरंच उत्तर मिळेल.

१९८३ मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी सुरू झालं आणि तिथून ही पद्धत शहरभर पसरली. काउंटरवर पैसे, हातात टोकन, खिडकीतून ताट, उंच टेबलाशी उभं राहून खायचं. वेटर नाही, खुर्ची नाही, त्यामुळे जागा छोटी लागते आणि माणूस पंधरा मिनिटांत बाहेर पडतो. म्हणूनच इडली-वडा स्वस्त राहतो. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उघडं. आणि दुपारी तिथेच भात-सांबार, बिसीबेळे भात, चपाती आणि सागू म्हणजे पातळ मिश्र भाजी मिळते. म्हणजे नाश्त्याची जागा दुपारी जेवणाची होते.

इंदूरला उभ्याने खायची सवय आहेच. छप्पनची दुकानं तशीच चालतात: एक दुकान, दोन-तीन वस्तू, प्रचंड खप. जॉनी हॉट डॉगकडे बघा, पदार्थ मोजके आणि लोक ओळीने उभे. त्याच काउंटरवर दुपारी बारा ते तीन चार पोळ्या, एक भाजी, डाळ एवढंच विकलं तर? माझी मनापासून इच्छा आहे की कोणीतरी हे करावं. माळव्यात गहू, हरभरा, बटाटा घरचा, भाजी चोहीकडच्या गावांतून रोज येते. कमी आहे ती फक्त कल्पनेची.

गरिबांसाठी सरकारी प्रयोग सगळीकडे झाले. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन, इथे २०१७ पासून इंदिरा कँटीन, मध्य प्रदेशात त्याच वर्षी पाच रुपयांत दीनदयाळ रसोई. या गोष्टी हव्यातच. पण पगारदार पोरगा तिथल्या रांगेत उभा राहणार नाही, आणि त्याने राहूही नये, ती जागा ज्यांना खरी गरज आहे त्यांची. त्याच्यासाठी मधली पायरी लागते.

भंवरकुआं_वाचनालय (इंदूर)

नमस्कार मावशी, काका. मी बुऱ्हाणपूरचा, इथे एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो.

वरचं वाचून इंदूरमध्ये मेसच नाही असं वाटेल, पण ते बरोबर नाही. भंवरकुआंला, भोलाराम उस्ताद मार्गाला या, पुण्याच्या पेठांसारखंच चित्र आहे. महिन्याचं टिफिन किंवा बसून जेवण, रविवारी रात्री सुट्टी इथेही. चार रोट्या, भाजी, डाळ, भात. फक्त चव हिंदी वळणाची. भाजी म्हणजे बटाटा आणि त्यात दुसरं काहीतरी, डाळ पातळ. आमच्यातली खानदेशी मुलं भरीत-भाकरी आणि आमटीसाठी आसुसलेली असतात.

मी एका ठिकाणी महिना भरला होता, नाव लिहीत नाही. पहिला आठवडा उत्तम, मग रोट्या लहान होत गेल्या, आणि मध्येच सोडतो म्हटल्यावर उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे नवीन माणसाला माझा सल्ला: पहिल्यांदा आठवड्याचंच बोला. दोन वेगवेगळ्या दिवशी, त्यातही एकदा रात्री उशिरा, जाऊन जेवून बघा. उशिरा गेल्यावर जे मिळतं तेच तिथलं खरं जेवण. आणि सुट्टीला गावी गेलो तर ते दिवस पुढे सरकतील का, हे आधीच विचारून घ्या.

विजय नगरकडे मात्र आयटीवाल्यांमुळे दर चढे आहेत, तिकडे कॅफे जास्त आणि मेस कमी.

घरचा_डबा (इंदूर)

मी लोकमान्य नगरातून डबे देते, म्हणून थोडं आतलं सांगते.

माझ्याकडे पोळी-भाजी, वरण, भात, कधी कोशिंबीर. सोमवारी उसळ असतेच, गुरुवारी थालीपीठ किंवा पिठलं. बहुतेक मुलं बाहेरगावची आहेत, मराठी असतीलच असं नाही. मुरैन्याच्या एका मुलाला आता गोडं वरण इतकं आवडतं की तो भात दुप्पट मागतो.

लोक विचारतात, काकू, पोळी-भाजीला एवढे पैसे का? तर ऐका. व्यवसायाचा सिलिंडर १९ किलोचा वेगळा घ्यावा लागतो, घरच्या सिलिंडरवर हे काम चालत नाही. तूरडाळ आणि तेल हे दोन जिन्नस महिन्याचा हिशेब बिघडवतात. गव्हाचं मात्र इथे सुख आहे, लोकवन चांगला आणि जवळचा मिळतो, पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. पावसाळ्यात पालेभाजी धुवायलाच एक बाई जास्त लागते. अन्नाची नोंदणी घरगुती डब्यालाही करावी लागते, ती जरूर करा. छोट्यांना फी अगदी थोडी आहे. ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याच्याकडूनच डबा घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं सांगू? सकाळी दहाला फोन करून "आज नको" म्हणण्याने. तोवर पोळ्या लाटून झालेल्या असतात. आदल्या रात्री नऊपर्यंत सांगितलं तर मी पैसे धरत नाही. हे पाळणारी मुलं माझ्याकडे नोकरी बदलेपर्यंत टिकतात, आणि त्यांना मी दिवाळीला चकल्या पाठवते.

मावशी, विजय नगर मला लांब पडतं, पण महालक्ष्मी नगर, स्कीम ७८ भागात डबा देणाऱ्या मराठी बायका आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमात कोणालाही विचारा, लगेच पत्ता मिळेल. जत्रेला झुणका-भाकरीचा स्टॉल लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी वर्षभर डबे देतात.

पेठेतला_पाहुणा (पुणे)

काकू, तुमच्यासारखं लिहिणारं कोणी पुण्याच्या मेसबद्दलही लिहायला हवं.

हिशेबनीस (इंदूर)

दर बघताना बिलही बघा, म्हणून दोन गोष्टी.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के. जे छोटे हॉटेलवाले कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरतात, त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्यांच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं. तरी खाली कर जोडला असेल तर शांतपणे विचारा.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो देणं ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढून टाका म्हटलं तर काढावाच लागतो.

आणि 'थाळी' लिहिलेली पाटी बघून आत जाण्याआधी अमर्याद आहे की मोजकी, एवढं विचारा. एकट्या माणसाला मोजकी थाळी बहुधा पुरते, आणि बरीच स्वस्त पडते. सरवटे बसस्थानकाच्या आसपासच्या भोजनालयांत ती सहज मिळते. संविधान सभेत इंदूरचा आवाज असलेल्या तात्यासाहेब सरवट्यांचं नाव त्या बसस्थानकाला आहे. बाहेरगावच्या माणसाला तिथे उतरल्या उतरल्या पोटभर जेवता येतं, याचं मला नेहमी समाधान वाटतं.

राजवाडा_चौक (इंदूर)

एक राहिलं. रविवारी दाल-बाफले! कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. डाळ, कढी, लसणाची चटणी, लाडू. हे ताट बसूनच खायचं असतं आणि एकट्यालाही मिळतं. खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत काही लागत नाही, म्हणजे एका जेवणात दोन वेळा भागतात. मावशी, हे तरी तुमच्या हिशेबात बसेल.

माळव्यातली_मावशी (इंदूर)

बसेल, आनंदाने! हिरवी भाजी आदल्या दिवशी खाऊ.

लष्कर (ग्वाल्हेर)

डिसेंबरात आईला घेऊन इंदुरात येतोय. तिला गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहता येत नाही, पण सराफा बघायची फार हौस आहे. कसं करावं?

राजवाडा_चौक (इंदूर)

काका, शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी नऊच्या सुमाराला या, गर्दी साडेदहानंतर वाढते. गाडी आत जात नाही, राजवाड्यापाशी उतरून ई-रिक्षाने जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा. आतल्या बंद दुकानांच्या ओट्यांवर आईंना बसवा, कोणी काही म्हणत नाही. तुम्ही एकेक द्रोण आणून द्या. गराडू तेव्हा ऐन हंगामात असेल, तो आधी घ्या, गार झाला की चव जाते. दुसऱ्या दिवशी छप्पनला न्या. तिथे रस्त्यावर गाड्या येत नाहीत आणि बसायला बाक आहेत. खोपरा पॅटिस खायला विसरू नका.